वाकड्या मुळांची दाढ

दिग्गीच्या लखूची दाढ दुखायला लागली ती सत्त्याण्णव सालच्या मार्गशीर्षात, भाताची मळणी अर्ध्यावर आलेली असताना. डावीकडची, खालची, शेवटून दुसरी. पहिले दोन दिवस त्यानं तिकडे लक्ष दिलं नाही. तिसऱ्या दिवशी हातातली पेंढी खाली टाकून तो खळ्याच्या कडेला बसला, आणि पुढची मळणी त्याच्याविनाच झाली. चौथ्या दिवसापासून तो ओढ्यावर जाऊन तोंडात गार पाणी धरून बसू लागला. पाणी गार असेतोवर कळ दबलेली राहायची. तोंडाच्या उबेनं ते कोमट झालं की कळ कानापर्यंत उसळायची. मग ते थुंकायचं, ओंजळ भरून दुसरं घ्यायचं. असा दिवसच्या दिवस.

त्याची आई बाळी दुपारी पेज घेऊन ओढ्यावर यायची. पेज निवेपर्यंत काठावर बसून राहायची. दाढेविषयी दोघंही बोलत नसत. दुसरं घर असतं तर एव्हाना कुणीतरी म्हणालं असतं, काढून टाक की एकदाची. त्या घरात ते शब्द कुणाच्या तोंडून निघत नव्हते.

अकरा वर्षांमागं लखूचा थोरला भाऊ झिलू असाच दाढेनं बेजार झाला होता. जत्रेत दात काढणारा एक माणूस आला होता. एक खुर्ची, एक पक्कड आणि पाण्याची बादली, एवढाच त्याचा दवाखाना. झिलू जायला धजत नव्हता. त्याला आणि लखूला, दोघांनाही लहानपणापासून एकच दुखणं होतं. काही लागलं, खरचटलं की रक्त थांबायचं नाव घेत नसे. दुसऱ्याचं जे चिमूटभर हळदीनं भागायचं त्याला या दोघांना तीन-तीन दिवस लागत. पण बाळीच म्हणाली होती, "दात म्हंजे हाड. हाडात कसलं आलंय रगत? जा, काढून ये." झिलू गेला. दाढ निघाली. सहा दिवस त्याच्या तोंडातून रक्त पाझरत राहिलं. धार अशी नव्हतीच, नुसतं झिरपणं. बाळी लुगड्याच्या चिंध्या फाडून त्याच्या तोंडात कोंबत राहिली. सातव्या दिवशी चौघांनी त्याला डोलीत घालून बाजारकुणंगच्या दवाखान्याची वाट धरली, आणि वाटेतच झिलू गेला.

तेव्हापासून लखू धारेपासून लांब राहून जगला. रानातल्या माणसाला कोयत्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, पण लखूच्या कमरेला कोयता कधी लटकला नाही. गालाला वस्तरा लागला नाही. दाढी कात्रीनं कापायची, तीही आईनं. भाताची लावणी तो करायचा, कापणीला मात्र बांधावर बसून पेंढ्या मोजायचा. उन्हाळ्यात कुळगीकडं जंगल खात्याच्या रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरायचं काम मिळायचं. तिथं हातांशिवाय दुसरं हत्यार लागत नसे. तेवढं केलं तरी गुडघा मधूनच भोपळ्यासारखा सुजायचा आणि तो आठ-आठ दिवस अंथरुणाला खिळायचा. लग्नाचा विषय दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा पोरीच्या घरच्यांनी झिलूचं ऐकून पाय मागं घेतला. दाढ दुखली तेव्हा लखू एकतीस वर्षांचा होता.

लवंग झाली, तंबाखू झाली, हिंग झाला. अकराव्या दिवशी लखू ओढ्यावरून उठून घरी आला आणि आईला म्हणाला, "आये, मी रामनगरला जातो. न्हाई गेलो तर मी हितंच डोकं आपटून घेईन."

बाळीनं विचारलं, "काढणार हाईस?"

"न्हाई."

"मग कशाला जातोस?"

बाळीनं चुलीवर पाणी ओतलं, दाराला कडी घातली आणि त्याच्या मागून चालू लागली.

रामनगरला बाबुराव नावाचे व्यापारी होते. मूळचे खानापूरचे. दिग्गीकडचा मध आणि कोकम तेच घेत, त्यामुळं ओळख जुनी. लखूचं तोंड बघूनच त्यांनी दुकान भावाच्या स्वाधीन केलं आणि त्याला गावातल्या दातांच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी दाढेवर एक टिचकी मारली. लखू खुर्चीतून हातभर उडाला. "कीड आतल्या नसेला पोचलीय," डॉक्टर म्हणाले. "पाच मिनिटांचं काम. आ करा." आणि त्यांनी ट्रेमधून पक्कड उचलली.

लखूनं त्यांचं मनगट धरलं. धरलं म्हणजे असं की डॉक्टरांच्या हातातली पक्कड खाली पडली. डॉक्टर भडकले. बाबुराव मध्ये पडले. या सगळ्या गोंधळात लखू एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "माझा भाव दाढ काढून मेला, साहेब. माझा भाव दाढ काढून मेला."

डॉक्टर थांबले. हात धुऊन स्टुलावर बसले. आता त्यांचा आवाज वेगळा होता. किती दिवस रक्त आलं? तुम्हालाही थांबत नाही? गुडघे सुजतात? मग त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या बाळीकडं पाहून विचारलं, "बाई, तुम्हाला भाऊ किती?"

बाळीनं पदर तोंडाला लावला. "तीन व्हते," ती म्हणाली.

डॉक्टरांनी एक लांबलचक चिठ्ठी लिहिली. "बेळगावच्या दातांच्या कॉलेजात जा. आजच. आणि वाटेत कुणीही कितीही सांगितलं तरी ही दाढ कुणाला काढू देऊ नका. मलासुद्धा."

बेळगावला रक्ताची तपासणी झाली. दोन दिवसांनी मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, ते लखूच्या जिभेवर बसलं नाही. अर्थ मात्र कळला. रक्त गोठायला जे लागतं त्यातली एक गोष्ट त्याच्या अंगात जन्मापासूनच अगदी थोडी होती. ती बाहेरून देता येत होती, पण ते औषध त्या वेळी बेळगावात नव्हतं. मुंबईहून मागवायचं म्हटलं तरी येईल की नाही, कधी येईल, याची खात्री कुणी देईना. ते आल्याशिवाय दाढ उपटली तर झिलूची गत.

दाढ ठेवायची तर आतली नस काढून मुळं साफ करून बुजवायची, हा एकच रस्ता उरला. ते काम डॉ. सुमन यांच्याकडं आलं. सुमन कॉलेजात पुढचं शिक्षण घेत होती. वय लखूपेक्षा चारेक वर्षांनी कमी, खानापूरकडची, त्यामुळं लखूची बोली तिला समजत होती. तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "लखूभाऊ, जबडा बधिर करायची सुई मी तुम्हाला देऊ शकत नाही. ती गालाच्या आत खोलवर जाते. तिथं रक्त साचलं तर श्वास बंद होईल. जे करायचं ते जागेपणी, दुखत असतानाच करावं लागेल."

"इतके दिस दुखतंयच की," लखू म्हणाला.

तरी त्या दिवशी दाढेला भोक पाडताना तो जे ओरडला ते बाहेर बाकावर बसलेल्या बाळीनं ऐकलं. सुमननं नस मारण्याचं औषध आत ठेवून वरून तात्पुरतं बंद केलं. दोन दिवस कळ आणखी वाढली. तिसऱ्या दिवशी दुपारी ती एकाएकी ओसरली, आणि लखू इस्पितळाच्या व्हरांड्यात आईच्या मांडीवर डोकं ठेवून संध्याकाळपर्यंत झोपला. बाळीला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. आठवड्यानं सुमननं दाढ उघडली तेव्हा खरी अडचण समोर आली. एक्स-रेचा फोटो उजेडाला धरून तिनं लखूला दाखवला. मागचं मूळ बरं होतं, सरळ. पुढच्या मुळात दोन नळ्या होत्या, केसाएवढ्या बारीक, आणि दोन्ही शेवटाला जाऊन कोयत्याच्या टोकासारख्या मागं वळल्या होत्या. त्या वळणाच्या पार टोकापर्यंतची घाण निघाली नाही तर आत पू होणार. पू झाला की दाढ उपटण्यावाचून गत्यंतर नाही.

त्या नळ्या साफ करायच्या त्या फायलींनी. फाईल म्हणजे कानसच, फक्त सुईपेक्षा बारीक, पोलादाची, वर रंगीत मूठ. करडी सगळ्यात बारीक, मग जांभळी, मग पांढरी, पिवळी, लाल, अशा जाड होत जातात. चिमटीत धरून हळूहळू फिरवायच्या, बाहेर काढायच्या, पुसायच्या, पुन्हा घालायच्या. सुमननं तीन दिवस तेच केलं. करडी गेली, जांभळी गेली. पांढरीही दोन्ही नळ्यांत टोकापर्यंत गेली. पिवळी मात्र वळणाशी जाऊन अडली. सुमननं ती बाहेर काढून पाहिली आणि तिथंच हात थांबवला.

त्या संध्याकाळी सुमन आणि तिचे सर यांच्यात बोलणं झालं ते लखूसमोरच. सर साठीचे, मोठे नावाजलेले. सुमनचा प्रबंधच नेमका या विषयावर होता. काढून टाकलेल्या चाळीस दाढा तिनं बरण्यांत जमवल्या होत्या, सगळ्या वाकड्या मुळांच्या. वीस दाढांच्या नळ्या हातानं साफ केल्या होत्या, वीस नव्या यंत्रानं. त्या यंत्राच्या फायली वेगळ्याच धातूच्या होत्या, बोटानं वाकवल्या तर वाकून राहत नसत, सोडल्या की परत ताठ. मोटर त्यांना संथ, गोल फिरवायची.

"सर, पिवळीपासून पोलाद ताठर होत जातं," सुमन म्हणाली. "वळणावर ते वळत नाही, सरळ घुसतं. माझ्या हाताच्या वीसांपैकी सहा दाढांतलं वळण गेलं. एकीत तर फाईल मुळाच्या भिंतीतून बाहेर पडली. यंत्राच्या वीसांत एकही वळण बिघडलं नाही. वेळही निम्म्याहून कमी लागला."

"आणि यंत्राच्या किती तुटल्या?" सरांनी विचारलं.

"दोन."

"आधी काही कळलं होतं?"

"नाही. एकदम तुटल्या."

"तेच म्हणतो मी. बोटाला कळतं. फाईल कुठं ताणली जातेय, कुठं अडकतेय, ते बोटाला आधी कळतं. यंत्राला काय कळणार? तुझे दात मेलेले होते, सुमन. त्यांच्या मागं माणूस नव्हता. या कॉलेजात अजून जिवंत माणसाच्या इतक्या वाकड्या मुळात ते यंत्र कुणी घातलेलं नाही."

"मग काय करू, सर?"

सरांनी फोटो पुन्हा उजेडाला धरला. "मी हातानं केलं असतं," ते म्हणाले. "पण माझ्या हातानंही असल्या मुळात भिंत फुटलेली आहे, हे खोटं कशाला बोलू." आणि ते निघून गेले.

सुमन स्टूल ओढून लखूच्या शेजारी बसली. एक हातानं वापरायची आणि एक यंत्राची, अशा दोन फायली तिनं त्याच्या तळहातावर ठेवल्या. लखूनं दोन्ही वाकवून पाहिल्या. पोलादाची वाकडीच राहिली.

"यंत्राची तुटली तर?" त्यानं विचारलं.

"तर तुकडा आत राहील. खणून काढायला गेले तर मूळ फुटेल."

"आन् हातानं केली तर?"

"तर ती वळणावर सरळ जाऊन मुळाबाहेर पडू शकते. बाहेर हाड आहे. तिथं रक्त सुरू झालं तर दाबून धरायला मला जागाच नाही."

लखू म्हणाला, "म्हंजे एका बाजूला लोखंड आत ऱ्हानार, दुसऱ्या बाजूला रगत जानार."

"हो. दोन्हीतलं काही होईलच असं नाही. पण झालं तर असं होईल."

"लोखंड ऱ्हाऊ दे," लखू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर आणून ठेवली. दाढेभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवला. लखूला बोलता येत नव्हतं, गिळता येत नव्हतं. सुमननं आधी पांढरी फाईल हातानं पुन्हा एकदा टोकापर्यंत नेऊन वाट मोकळी असल्याची खात्री केली. मग यंत्र हातात घेतलं. पहिल्या नळीत ते इतकं सहज गेलं की ती स्वतःशीच "अरे वा" म्हणाली. तीन फायली, प्रत्येकीला मोजून काही क्षण, मध्ये औषधाच्या पाण्यानं धुणं. फोटो काढला. वळण जसंच्या तसं होतं. जे काम तीन दिवस अडलं होतं ते चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात झालं होतं. लखूनं बोटं वर करून विचारलं, झालं? सुमननं मान हलवली. एक नळी राहिली.

दुसऱ्या नळीत शेवटची फाईल घातली, आणि लखूला दाढेत एक बारीक टिक् असा आवाज आला. ऐकू आला म्हणण्यापेक्षा तो हाडातच जाणवला. सुमनचा पाय पेडलवरून उचलला गेला. तिनं फाईल बाहेर काढून उजेडाला धरली. टोक नव्हतं.

तिनं ती ट्रेमध्ये ठेवली, हातमोजे काढले आणि खोलीच्या बाहेर गेली.

लखू खुर्चीत तसाच पडून राहिला, तोंड उघडं, वर रबर ताणलेलं, हनुवटीवरून लाळ गळत असलेली. छताला एक पंखा होता तो फिरत नव्हता. आपण आता मेलो, हे त्याला अगदी सरळ वाटलं. भीती वाटायला हवी होती, पण आधी वाटली ती लाज. आईला तीच वाट परत चालायला लावणार, याची. तिला एकटीला.

सुमन परत आली तेव्हा तिच्याबरोबर सर होते. तिचे डोळे लाल होते. सरांनी फोटो पाहिला. मी सांगितलं होतं, असं ते म्हणतील असं लखूला वाटलं. ते म्हणाले नाहीत. "तुकडा दोन मिलिमीटरचा आहे," ते म्हणाले. "वळणाच्या अलीकडंच अडकलाय. नळी गोल नसते, थोडी चपटी असते. बाजूला फट असेल. करडी घे. हातानं. घाई करू नको."

म्हणून पुन्हा हात सुरू झाला. त्या दिवशी तीन तास, दुसऱ्या दिवशी तीन तास. सुमन सगळ्यात बारीक फाईल टोकाला किंचित वाकवून तुकड्याच्या बाजूनं शोधत राहायची. लखूचा जबडा आखडून जायचा. पुन्हा पुन्हा तिचा हात थांबायचा, ती खिडकीकडं बघायची, परत वाकायची. दुसऱ्या दिवशी दुपारी करडी फाईल एकदम आत सरकली. तुकड्याला वळसा घालून ती टोकाला पोचली होती. सुमननं श्वास सोडला, कागदाची बारीक वात नळीत घालून ओल टिपली आणि वात बाहेर काढली.

वातीचं टोक लाल होतं.

दुसरी वात घातली. तीही लाल. तिसरी निम्म्यापर्यंत लाल. सुमननं नर्सला हाक मारली, नर्स पळत बाहेर गेली, आणि व्हरांड्यात बसलेल्या बाळीनं तिचं पळणं पाहिलं. तिला कुणी काही सांगितलं नाही. तिला सांगायची गरजही नव्हती. पाच मिनिटांनी ती दार ढकलून आत आली तेव्हा तिच्या हातात स्वतःच्या लुगड्याचा पदर फाडून केलेल्या चिंध्या होत्या, एकावर एक नीट रचलेल्या.

"ह्या घे बाई," ती सुमनला म्हणाली. "धुवट हायत. मला ठावं हाय कशा धरायच्या."

सुमननं त्या घेतल्या. नको म्हणाली नाही. घेऊन बाजूच्या टेबलावर ठेवल्या. मग रक्त गोठवणारी गोळी कुटून तिची पूड कापसावर घेऊन दाढेच्या पोकळीत भरली आणि बोटानं दाबून धरली. मोठ्या इस्पितळाला निरोप गेला. तिथून आलं ते एवढंच की मुंबईच्या औषधाचा अजून पत्ता नाही.

दोन तास सुमनचं बोट तिथंच होतं. बोट थकलं की दुसऱ्या हाताचं. मधल्या काळात नर्सनं दिवा लावला, कुणीतरी पाणी आणून ठेवलं ते तसंच राहिलं. लखू आईच्या चेहऱ्याकडं बघत नव्हता. त्याला झिलूचे शेवटचे दिवस आठवत होते. झिलूनं एकदा रक्तानं भरलेल्या तोंडानं हसून त्याला म्हटलं होतं, तुझ्या लग्नाला मी बिनदाताचा येणार बघ. त्या वेळी लखूलाही हसू आलं होतं. ते हसू आता आठवलं तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहून कानात गेलं.

शेवटी सुमननं कापूस काढला. नवी वात घातली. मनात दहापर्यंत मोजलं असेल. बाहेर काढली. वात ओली होती, किंचित गुलाबी. पुढची पांढरी निघाली.

"थांबलं," ती म्हणाली, आणि बाळी जागच्या जागी खाली बसली.

त्या नळीत औषध भरून पंधरा दिवस वाट पाहिली. मग दोन्ही नळ्या आणि मागचं मूळ बुजवलं. तुकडा आतच राहिला, त्याच्याभोवतीच सगळं बुजलं. जायच्या दिवशी सुमननं लखूला बसवून एक गोष्ट नीट समजावून सांगितली. हा रोग बापाकडून मुलाकडं जात नाही. तो आईच्या रक्तातून येतो. बायांना स्वतःला सहसा त्रास होत नाही, पण त्यांच्या पोटी मुलगा झाला तर त्याला होऊ शकतो. "तुम्हाला बहीण आहे का?"

होती. फुला, कुळगीला दिलेली, सहावा महिना चालू असलेली. आईला हे कसं सांगायचं? झिलूला दाढ काढायला धाडलं म्हणून जी बाई अकरा वर्षं स्वतःला खात होती, तिला आता सांगायचं की रक्तच तुझं? बसमध्ये ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. फाटक्या पदराचं टोक तिनं कमरेला खोचलं होतं. लखूनं ठरवलं, आईला कधीच सांगायचं नाही. फुलाला मात्र सांगावंच लागेल.

आठ दिवसांनी तो एकटाच कुळगीला गेला. फुला अंगणात बसून नाचणी पाखडत होती. त्यानं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. फुलानं सूप खाली ठेवलं नाही.

"मला ठावं हाय, दादा," ती म्हणाली. "लग्नाआधीच आयेनं सांगितलंय. तिचे तिघं भाव असंच गेले. एक कुऱ्हाड लागून, तर लोक म्हणाले कुऱ्हाडीनं. एक झाडावरनं पडून, तर म्हणाले पडून. तिसऱ्याचंही असंच कायतरी सांगितलं. झिलूदादा गेल्यावर तिनं तिघांचा मेळ घातला. डाक्टराविना."

"मला का न्हाई सांगितलं?"

"मी इचारलं तिला. ती म्हणाली, पोरगं रोज जीव मुठीत धरून जगतंय. त्यात आईचा राग कशाला घालू?"

घरी आल्यावर त्यानं आईला काही विचारलं नाही आणि तिनंही काही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून तो तिच्या हातून पेजेचं ताट घेताना दोन्ही हातांनी घेऊ लागला, हे शेजाऱ्यांच्याही लक्षात आलं.

फुलाला चैत्रात मुलगी झाली. सुटका झाली की दुःख पुढं ढकललं गेलं, हे घरात कुणाला नक्की म्हणता येईना. बाळीनं नातीचं तोंड पाहिलं, तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि पाणी तापवायला गेली.

सुमनचा प्रबंध पुढच्या वर्षी पूर्ण झाला. त्यात चाळीस दाढांचे आकडे होते. लखूची दाढ त्या आकड्यांत धरता आली नाही, कारण ती हाताची म्हणावी की यंत्राची, हेच ठरत नव्हतं. सुमन शिकून हुबळीला निघून गेली.

दोन वर्षांनी लखूची वरची एक दाढ ठणकली. या वेळी तो ओढ्यावर गेला नाही. दुसऱ्याच दिवशी आईला घेऊन बेळगावला निघाला. खुर्चीपाशी नवा डॉक्टर होता, तरुण, हसतमुख. जुना कागद वाचून तो म्हणाला, "घाबरू नका. आता सगळं यंत्रानंच करतो आम्ही."

लखूनं खुर्चीच्या दांड्या घट्ट धरल्या. "करा साहेब," तो म्हणाला. "पर आधी बारीक हातानं वाट करून घ्या. मग यंत्र घाला. आन् आई बाहेर हाय, तिला आत बसू द्या."